पहिली चीर

वैशाखात बेंबळीत हिरवं काही बघायचं असेल तर जागा दोनच, देवळापुढचा पिंपळ आणि लक्ष्मम्माचा परस. बाकी सगळ्यांच्या परसात तेव्हा धुरळा उडत असे. लक्ष्मम्माच्या न्हाणीतलं पाणी मात्र चरातून थेट भोपळ्याच्या आळ्यात जायचं. नवऱ्यानं अंघोळीला दोन तांबे जास्त घेतले तरी ती कुरकुरत नसे, उलट खूश व्हायची. आळ्यात मुरलेलं शेणखत, पानांवर लाल भुंगे दिसले की चुलीतली राख, आणि फळ धरलं की ओल्या मातीवर सडू नये म्हणून खाली कडबा. ग्रामसेवकानं एकदा नव्या पांढऱ्या खताची पुडी आणून दिली, तर "येलाला मीठ घालता का?" म्हणून तिनं ती तशीच परत केली.

आणि एवढं करून भोपळे खायचे कुणी? अख्ख्या आळीनं! मुठीएवढा मोठा, नखानं साल टोचली जाईल इतका कोवळा झाला की ती तोडायची आणि सबंधच्या सबंध कुणाच्या तरी ओट्यावर ठेवून यायची.

"अगं, एखादा घरात बी ठेव की," शेजारची गजराबाई म्हणायची.

"आमाला वायू हुतो त्यानं," लक्ष्मम्मा सांगायची. धडधडीत खोटं. माहेरी तिनं भोपळ्याची भाजी ताटं भरभरून खाल्ली होती.

खरी गोष्ट वेगळी होती. सबंध भोपळा बाईनं चिरू नये, अशी त्या मुलखातली रीत. भोपळा म्हणजे घरातला थोरला लेक. आईनं त्याच्यावर विळी चालवायची नाही. पहिली चीर घरातल्या पुरुषानं द्यायची, मग बायकांनी पुढं काय ते करावं. लक्ष्मम्माचा नवरा गुंडप्पा किराणा दुकान चालवायचा. पूर्वी ती दारातून हाक मारायची, तो गिऱ्हाईक टाकून यायचा, "तुझ्या भोपळ्यापायी दुकान बुडंल," म्हणत एक चीर द्यायचा आणि जायचा.

त्यांना लेक एकच, चन्नबसप्पा. चन्नू. मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात चन्नूला बघायला वाशीहून पाहुणे आले. न सांगता आले. गुंडप्पा तेव्हा येरमाळ्याला येडेश्वरीच्या यात्रेत दुकान मांडून बसलेला. घरात भाजीला दुसरं काही नव्हतं, आणि वेलावर पहिलाच भोपळा तयार. ते आळंही चन्नूनंच खणून दिलेलं. चीर द्यायला चन्नू होता की! पण तो नवा सदरा घालून, मान खाली घालून पाहुण्यांत बसलेला. त्याला तिथून उठवून चुलीपाशी विळीवर बसवायचं? पाहुणे काय म्हणतील? लक्ष्मम्मानं दार लोटून घेतलं, डोळे मिटले आणि भोपळा स्वतःच चिरला.

भाजी सगळ्यांना आवडली. सोयरीक ठरली.

ज्येष्ठात चन्नूला ताप भरला. विषमज्वर, डॉक्टर म्हणाले. लग्नाचा बस्ता बांधायचा राहिला आणि पोरगा गेला.

तेव्हापासून लक्ष्मम्माच्या पोटात ती विळी रुतून बसली. कुणाला सांगणार? नवऱ्याला सांगावं तर तो काय म्हणेल याची भीती, आणि न सांगावं तर रात्रंदिवस जीव जळायचा. चन्नूनं खणलेलं आळं कोरडं बघवेना म्हणून दर उन्हाळ्यात ती बी टोकायची. वेल वाढवायची, भोपळे वाटून टाकायची. गुंडप्पानंही कधी भोपळ्याची भाजी मागितली नाही, का करत नाहीस असंही विचारलं नाही. दुकानाच्या नादात त्याच्या ध्यानातच आलं नसेल, असं तिला वाटायचं. भोळी बाई!

वर्षं गेली. गुंडप्पा खंगला, दुकान सुटलं, बाज धरली. एका सकाळी तो म्हणाला, "लक्ष्मे, भोपळा खावा वाटतो."

ती चरकली. पण आजाऱ्याची इच्छा. कोवळा बघून तिनं तोडला, विळीसकट बाजेजवळ आणून ठेवला. त्यानं उठायचा प्रयत्न केला आणि तो परत आडवा झाला.

"तूच चीर."

"म्या न्हाय!" ती एवढ्या जोरात ओरडली की अंगणातल्या चिमण्या उडाल्या. आणि मग सगळंच बाहेर पडलं. पाहुणे, नवा सदरा, लोटलेलं दार, मिटलेले डोळे. "म्या मारला वो त्याला. माज्या हातानं मारला."

गुंडप्पा आढ्याकडं बघत होता. "मला ठावं हाय," तो म्हणाला. "चन्नूनंच सांगितलं, तापात. त्या दिशी पानी मागाया दारापाशी आल्ता, फटीतनं दिसलं त्याला. म्हनला, अप्पा, आव्वाला कदी इचारू नका. ती जीव दील."

लक्ष्मम्मा बाजेला टेकून खाली बसली. लेकाला माहीत होतं. आणि माहीत असूनही त्यानं त्या दिवशी ती भाजी दोनदा मागून घेतली होती.

तिनं विचारलं, "तुमाला बी तसंच वाटलं का? म्या मारला म्हनून?"

खोटं बोलला असता तर चाललं असतं. पण गुंडप्पा आता खोटं बोलण्याच्या पलीकडं गेला होता.

"वाटलं. लई दिस वाटलं. तुज्या हातचं जेवन गिळवत नव्हतं. मंग तू त्याच्या आळ्यापाशी बसून रडताना दिसायचीस."

"मंग बोलला का न्हाय?"

"लेकाला शबूद दिल्ता."

ती पदरात तोंड खुपसून रडली. चन्नू गेला तेव्हाही बायामाणसांत असं रडता आलं नव्हतं तिला. गुंडप्पानं बाजेवरून हात खाली सोडला. तो तिच्या डोक्यापर्यंत पोचला नाही, खांद्याला नुसता लागला.

"चीर आता," तो म्हणाला. "आता कोन ऱ्हायलंय आपलं, ज्याला लागंल?"

लक्ष्मम्मानं डोळे पुसले आणि विळी पुढं ओढली. या वेळी तिनं डोळे मिटले नाहीत. भोपळा अगदी कोवळा होता. पात्यावर टेकवला आणि त्याच्या दोन फाकी झाल्या.