बटन साडूच्या बोटाखाली

बोलायला समोर माणूस लागत नाही असा इसम मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. हट्ट्याच्या शाळेत ते कारकून आहेत. शाळेचा कोणताही कार्यक्रम असो, माईक त्यांच्या हातात जातो आणि मग तो परत मिळवायला मुख्याध्यापकांना आभारप्रदर्शन लवकर घ्यावं लागतं. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, म्हणजे नात्यानं मी थोरला. वसमतला माझी हळदीची खरेदी आहे. पोती उचलण्यापासून सुरुवात केली, कोणी बोट धरून पुढं आणलं नाही. बाजारात माझा आवाज चढला की समोरच्याचा भाव उतरतो. पण आम्ही पाच-सहा घरची माणसं मोटारसायकली काढून कुठं निघालो, की माझ्या आवाजाला कोणी विचारत नाही. तिथं फक्त साडूंचं चालतं.

यातली खरी आग पुढंच आहे. ज्या वॉकीटॉकीवरून ते बोलतात, त्या मी आणल्या. गाड्या मागं-पुढं होतात, चुकामूक होते, म्हणून नांदेडच्या एका दुकानात मी घासाघीस करत बसलो होतो. दुकानदार शेवटी हात जोडून म्हणाला, "घ्या शेठ, पण पुन्हा येऊ नका." असा मिळवलेला माल. प्रत्येक गाडीच्या हँडलला एक-एक बांधला. बटन दाबून धरलं की आपण बोलायचं, सोडलं की ऐकायचं, आणि एकाचं बोट बटनावर असेल तोवर बाकीच्यांनी मुकाट्यानं ऐकायचं, अशी त्या यंत्राची रीत आहे. ती रीत साडूंना विचारूनच ठरवली असावी. त्यांचं बोट बटनावर जे बसलं ते पेट्रोल भरतानाच निघायचं. साळीनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, त्यांच्या यंत्राला लोकरीचं टोपडं विणून दिलं होतं, थंडीत त्याचा आवाज बसू नये म्हणून. माझ्या यंत्राला कोणी फडकंसुद्धा बांधलं नाही.

आणि ते बोलायचे काय? रस्ता. फक्त रस्ता. पुढच्या गाडीवर बसून ते मागच्यांना रस्ता सांगायचे, पण असा की रस्ता बघण्यापेक्षा ऐकावा. हेल्मेटमधून त्यांना वास यायचा. "डावीकडल्या घरात ठेचा कुटून राहिले, लसूण जरा कमी पडला." खड्ड्यांना ते नातेवाईक ठरवायचे. "हा येऊन राहिला आपल्या सासऱ्यासारखा. दिसतो लहान, पण आत लई खोल. सांभाळून घ्या." यावर माझ्या मागं बसलेली माझी बायको, त्याच सासऱ्याची थोरली लेक, अशी हसायची की तिचं हसू मला पाठीत जाणवायचं. गाडी माझी, पेट्रोल माझं, यंत्र माझं आणि हसू साडूंचं. संसारात इतक्या वर्षांत माझ्या बोलण्यावर ती तशी हसल्याचं मला आठवत नाही. आठवलं असतं तर मी ते धरून ठेवलं असतं. गाव आलं की साडू एकेकाचं नाव घेऊन हजेरी घ्यायचे आणि शेवटच्या गाडीचं "हाव" ऐकल्याशिवाय गाव सोडायचे नाहीत.

लोणारला निघालो तेव्हा मी जवळा बाजारला चहाच्या टपरीवर विषय काढलाच. म्हणालो, "वॉकीटॉकी मी आणल्या. आज पुढची गाडी माझी राहील आणि बोलीन मी." मोठ्या भांडणाची तयारी करून बसलो होतो. कुठं ताणायचं, कुठं उठून जायचं, सगळं ठरलेलं होतं. साडूंनी बशी खाली ठेवली. "बराबर आहे साडूभाऊ. तुमीच व्हा पुढं." संपलं. ज्याला भाव करता येत नाही अशा माणसाचा मला पहिल्यापासून संताप येतो. मागितलं आणि लगेच मिळालं, तर मिळाल्यासारखं वाटतच नाही.

तरी पुढं झालो. "खड्डा," म्हणालो. मागून आलं, "हाव." "म्हशी," म्हणालो. "हाव." कोणी हसलं नाही. माझी पाठसुद्धा शांत. औंढा मागं पडलं, डोंगर लागले, आणि मी रागानं गाडी पिळली. मागचे दिसेनासे झाले तरी थांबलो नाही. एका मारुतीच्या देवळाजवळ चुकीच्या रस्त्याला लागलो आणि बरंच आत गेल्यावर उतारात चेन तुटली. बटन दाबून बोलतोय तर पलीकडून काही नाही. डोंगर आडवा आला की ही यंत्रं मुकी होतात, हे दुकानदारानं सांगितलं होतं. मी ते भाव पाडायला वापरलं आणि विसरून गेलो.

"सालं यंत्रच भंगार," मी म्हणालो.

"काहून त्या यंत्रावर तापून राहिले?" बायको दगडावर बसून म्हणाली. "त्या टेकाडावर जाऊन बोला ना. का तिथंबी आधी भाव ठरवायला पाहिजे?"

हँडलचं यंत्र सोडून घेतलं आणि चढलो. वर पोचतो तोच खरखर झाली आणि साडूंचा आवाज आला. "कोणीच बटन दाबू नका. साडूभाऊ बोलले तर त्यांना वाट मोकळी पाहिजे." पुढं ते आणखी काही बोलतील म्हणून मी थांबलो. ते बोलले नाहीत. यंत्र चालू होतं, सगळ्या गाड्या पलीकडं होत्या, आणि कोणी ब्र काढत नव्हतं. अशी शांतता मी त्या यंत्रावर कधी ऐकली नव्हती. मी बटन दाबून मारुतीचं देऊळ सांगितलं, तुटलेली चेन सांगितली.

"आलो," साडू म्हणाले. एवढंच.

सगळे आले, एकाजवळ चेनची कडी होती, काम झालं. साळी मला बाजूला घेऊन म्हणाली, "दाजी, मधून-मधून 'बटन दाबू नका' म्हणले तेवढंच, बाकी तुमचा आवाज येईस्तोर ह्यांनी तोंड उघडलं न्हाई. हेल्मेट काढून यंत्र कानाला लावून उभे. मला वाटलं ह्यांनाच काही झालं." लोणारच्या तळ्याच्या काठावर बसून सगळ्यांनी तीच गोष्ट पुन्हा-पुन्हा सांगितली. मी पुढं होतो हे कोणी काढलं नाही, साडू गप्प होते हे मात्र सगळ्यांनी काढलं. बोलून पुढं जाणाऱ्याला एक वेळ गाठता येईल. गप्प बसूनही जो पुढं जातो, त्याच्याशी माणसानं कशी टक्कर घ्यावी?

परतताना, चेनचा भरवसा नाही असं सांगून मी माझी गाडी सगळ्यांच्या शेवटी घेतली. उन्हं कलली होती. बराच वेळ यंत्रावर काही आलं नाही. न राहवून मी विचारलं, "साडूभाऊ, गप्प काहून?"

"तुमी काही बोलाल म्हणून," ते म्हणाले.

मी बटन दाबून धरलं. सगळ्या गाड्या ऐकत होत्या. बाजारात दिवसभर माणसं माझं ऐकतात, कारण त्यांना ऐकावं लागतं. इथं कोणाला काही विकायचं नव्हतं. मी पुष्कळ शोधलं, पण त्यांना सांगावं असं काही सापडेना. शेवटी म्हणालो, "गाडी बरी चालून राहिली."

"हाव," साडू म्हणाले, आणि बटन सोडून मी पुढं काय बोलतो यासाठी पुन्हा थांबले.