गुहेस सप्रेम भेट

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा कोणीतरी विचारलं, "पनवेलच्या पुढे एक दिवसाची ट्रिप सुचवा, रिसॉर्ट नको." मी लिहिलं, "नदीकाठी एक चुनखडीची गुहा आहे." लगेच तिघांनी कळवलं की आपल्याकडे सगळा काळा कातळ, चुनखडी शक्यच नाही, मावशी तुमची काहीतरी गफलत होतेय. गफलत! अहो, त्या गुहेपायी आमच्या घरचं लग्न मोडायची वेळ आली होती. तेव्हा आता सगळं नीटच लिहिते. जायचंय त्यांनी वाचा, शक्य नाही म्हणणाऱ्यांनी तर नक्की वाचा.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल. मी परळची मुलगी, लग्न करून बोनकोडे गावच्या पाटलांच्या घरात आले. ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, नोकरीमुळे वाशीला फ्लॅट मिळाला होता, तिथे आम्ही चौघं राहायचो: हे, मी, सासूबाई आणि धाकटी नणंद शोभा. लग्नानंतर पहिल्या महिन्यात मी थापलेल्या तांदळाच्या भाकऱ्या कावळ्यानेही सोडून दिल्या असत्या. शोभाने त्या मुकाट खाल्ल्या आणि वर आईला सांगितलं, "वहिनीचा हात बसलाय." त्या पोरीसाठी मी काय वाटेल ते केलं असतं.

शोभाचं मधुकरवर मन बसलं होतं. मधुकर उरणच्या शाळेत मास्तर, शांत, खोटं बोलायची अक्कलच नसलेला. दोन्ही घरांना पसंत होतं. मग त्याच्या गावाहून चुलत्यांचा निरोप आला. ह्या चुलत्यांना सगळे तात्या म्हणायचे, आणि घरात त्यांचा शब्द शेवटचा. निरोप असा: "बोनकोड्याचे पाटील ना ते? आधी पळी परत करा. मग मांडव."

"कसली पळी?" मी विचारलं.

सासूबाई वालाच्या शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ती व्हय. अजून आठवन हाय त्यांना?"

तर गोष्ट अशी. मधुकरच्या गावाजवळ नदीकाठी ती गुहा. तिच्यात साती आसरा, म्हणजे पाण्यातल्या सात देवता, राहतात. पूर्वी गावात लग्न निघालं की आदल्या संध्याकाळी गुहेच्या तोंडाशी सुपाऱ्या मांडायच्या, जेवढी भांडी हवीत तेवढ्या. सकाळी सुपाऱ्या गायब आणि भांडी हजर. लग्न झालं की घासून परत ठेवायची. ह्यांची पणजी त्या गावची लेक. तिच्या लग्नात भांडी आली, सगळी परत गेली, एक पितळेची पळी तेवढी तिच्यासोबत बोनकोड्याला आली. आसरा रुसल्या. त्यानंतर त्या गावात एक वाटीसुद्धा आली नाही, आणि दर लग्नात भांडी भाड्याने आणताना लोक आमच्या पणजीचा उद्धार करतात.

"मग द्या ना परत!" मी म्हटलं.

"कुठून देऊ? कवाची हरवली असंल."

आठवडाभर शोभा जेवली नाही धड. शेवटी मी जाहीर केलं, नवीन पळी घ्यायची, तीच म्हणून द्यायची. हे म्हणाले, "फसवणूक होईल." मी म्हटलं, "आसरांची की तात्यांची?" आणि ट्रिप ठरली.

शनिवारी सकाळी वाशीहून पनवेलची एस.टी. धरली. तेव्हा हायवेच्या दोन्ही बाजूंना मिठागरं आणि मोकळं रान, मधूनच एखादी अर्धवट बिल्डिंग. पनवेल स्टँडवर पुढची गाडी तासाभराने होती. स्टँडवरचा वडा ठीक, चहा मात्र गुळमट. मी आणि सासूबाई सामान धरून रांगेत, शोभा आमच्या मध्ये, आणि हे बाजारात पळी आणायला. एकट्याने पाठवलं, ही माझी चूक. गाडी सुटता सुटता वर्तमानपत्रात गुंडाळलेली पळी घेऊन धावत आले.

"जुनी दिसते ना?" मी विचारलं.

"गिऱ्हाइकाने परत केलेली होती. कळकट आहे," हे अभिमानाने म्हणाले. वाटेत सासूबाईंनी पुडक्यातच हात घालून तिला तंबाखूची मिश्री चोळून आणखी काळी केली आणि पुन्हा गुंडाळली.

गाडी फाट्यावर सोडते. तिथून पाऊण तास चालायचं. चपला घालून जाऊ नका, बूट घाला, कारण शेवटी नदी ओलांडावी लागते आणि दगडांवर शेवाळ असतं. हिवाळ्यात पाणी पोटरीइतकंच. मी साडी खोचून, हे पँट दुमडून आणि सासूबाई आमच्या दोघांच्याही पुढे. पलीकडे मधुकर वाट बघत उभा होता. शोभा त्याच्याकडे बघून हसली आणि पाण्यात बसली. पडली म्हणत नाही मी, पण बसली.

आता गुहा. तिघा शहाण्यांनो, ऐका. सगळा डोंगर काळा, आणि त्याच्या पायथ्याशी नदीच्या काठावर पांढरं तोंड. आत भिंतीवरून पांढरट ओघळ उतरलेले, वरून थेंब थेंब पाणी. बोट लावलं की भुकटी लागते. हे पुटपुटले, "सह्याद्रीत? अशक्य आहे." मधुकर म्हणाला, "पाण्यात चुना विरघळून येतो, इथे साचतो. थर आहे तो. मी शाळेत शिकवतो." तिथे जमलेल्या गावकऱ्यांनी त्याच्याकडे दयेने पाहिलं.

"मास्तरला शिकवायलाच लागतं तसं," एक म्हातारी म्हणाली. "आसरांची चुन्याची डबी लवंडली इथं. सातव्या आसरेच्या लग्नात. विड्यावरून भांडण झालं."

"डबी नाय," दुसरी म्हणाली. "त्या भांडी घासतात, त्याची राख हाय ती."

"राख पांढरी असते व्हय?"

"आसरांची असंल!"

पहिली म्हातारी मला बाजूला घेऊन म्हणाली की तिच्या आजीच्या लग्नात गुहेतून परात आली होती, पण परातीला बोंबलाचा वास. सासरचे शाकाहारी माळकरी. केवढा तमाशा! आसरांना निरोप धाडला, तर दुसऱ्या लग्नाला परात आली ती उदबत्तीसकट. हे सगळं ती भाजीचा भाव सांगावा तसं सांगत होती.

मग तात्या आले. उंच, पांढरा पटका, हातात काठी. कोणाला नमस्कार नाही, चमत्कार नाही. "पळी?"

ह्यांनी पुडकं पुढे केलं. तात्यांनी पळी काढली, फिरवली, हुंगली. मिश्रीचा वास आला असणार, कारण कपाळाला आठी पडली. मग नदीकाठी बसले आणि मूठभर वाळू घेऊन पळी घासायला लागले. "आसरांना मळकी देनार काय?"

तेवढा विचार आम्ही कोणीच केला नव्हता. वाळूने मिश्री गेली आणि पळीच्या दांड्यावर अक्षरं चमकली.

पळीवर नाव होतं!

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे पांढरेफटक. हळूच म्हणाले, "अगं, दुकानदार म्हणाला नाव काय घालू? फुकट घालतात. भांडं घेतलं की नाव घालायचंच ना? मी बोलून गेलो. मग विसरलोच बघ." ह्या माणसाने आयुष्यात कोणाला नको म्हटलेलं नाही. शोभाच्या बारशापासून घरात आलेल्या प्रत्येक वाटीवर ह्यांनी उभं राहून नाव घालून घेतलं होतं. सवयीने घात केला.

तात्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी पळी मधुकरच्या हातात दिली. "मास्तर, वाच. आसरांच्या अक्षरात काय लिवलंय?"

एक वाक्य, फक्त एक वाक्य खोटं बोलला असता, तर काम झालं होतं. शोभा त्याच्याकडे बघत होती. मधुकरने एकदा तिच्याकडे बघितलं, घसा साफ केला आणि वर्गात वाचावं तसं खणखणीत वाचलं: "गुहेस सप्रेम भेट. श्री. व सौ. पाटील, वाशी, नवी मुंबई."

शोभाच्या डोळ्यांतून टपटप पाणी यायला लागलं. मला त्या क्षणी मधुकरला नदीत ढकलावंसं वाटलं, आणि ह्यांना त्याच्या आधी.

तात्या उठले. "नवी मुंबई? आसरांच्या टायमाला जुनी तरी व्हती काय?"

तेव्हा सासूबाई पुढे झाल्या. पदर खोचला. "नाव घातलं, मग काय चुकलं? मागच्या खेपंला नाव नव्हतं, म्हनून तर घोळ झाला. कोनाची पळी, कुठं गेली, कोनाला कळलं नाय. आता लिवलंय ना? आता आसरा जरी विसरल्या तरी पळी सांगंल कोनाकडची ती."

तात्या विचारात पडले. खरंच पडले. गावकरीही माना हलवायला लागले, बोलणं बरोबर आहे म्हणून.

"पन ही नवी हाय," तात्या म्हणाले.

"मग? इतक्या वर्सांनी झिजकी देऊ काय देवाला?"

तात्यांनी मधुकरच्या हातातून पळी घेतली. शेवटी त्यांनी निकाल दिला: पळी गुहेच्या तोंडाशी ठेवायची. सकाळी नसली, तर आसरांनी घेतली, लग्न पक्कं. असली, तर नाकारली, आल्या वाटेने घरी जायचं.

मुक्काम तात्यांकडेच. खायला तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि सुकटीची चटणी. अशी चटणी मी पुन्हा कुठे खाल्ली नाही. हात धुवायला त्यांनी पितळेच्या मोठ्या घंगाळातून पाणी दिलं, काठाला एक पोचा आलेलं घंगाळ. शोभाने चतकोर भाकरी खाल्ली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले, दुसरं करण्यासारखं होतं काय?

सकाळी सगळा गाव नदीवर. आधी तात्या, मागे आम्ही. गुहेच्या तोंडाशी पळी होती.

शोभाने माझा हात दाबला. पण पळी एकटी नव्हती. शेजारी पातेलं होतं. त्याच्यामागे तांब्याची कळशी, दोन पराती, झाकण नसलेले डबे, झारा, किसणी, पूजेची पळी-पंचपात्री, ताम्हणं आणि जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, एक टोप. गुहेच्या आतपर्यंत रांग लागली होती.

"आसरा प्रसन्न झाल्या!" बोंबलाच्या परातीवाली म्हातारी ओरडली. बाकीचे गावकरी मात्र एकमेकांकडे बघत नव्हते. प्रत्येकजण अगदी लक्ष देऊन नदीकडे बघत होता. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमची पणजी एकटी नव्हती! पिढ्यान्‌पिढ्या अख्ख्या गावाने आसरांची भांडी दाबून ठेवली होती, आणि शिव्या तेवढ्या बोनकोड्याला. आमची परत आली म्हटल्यावर सगळ्यांना एकदम धाक पडला.

तात्या ओळीने भांडी बघत शेवटी एका मोठ्या घंगाळापाशी थांबले. काठाला पोचा. कालच आम्ही त्यातल्या पाण्याने हात धुतले होते. तात्यांनी वळून आपल्या बायकोकडे पाहिलं. काकू नदीकडे बघत होत्या.

"पळी हाय," तात्या म्हणाले. "म्हंजे नाकारली. पन भांडी आली. म्हंजे..." ते अडकले. मग काठी आपटून म्हणाले, "म्हंजे लग्नाला लागतील म्हनून पळी पन ठेवली. तारीख काढा!"

शोभा रडत रडत हसायला लागली आणि मी मधुकरला मनातल्या मनात माफ केलं.

लग्न त्याच गावात, त्याच भांड्यांत झालं. जेवणावळीत आमटी आमच्याच पळीने वाढली, दांड्यावरचं नाव प्रत्येक पंगतीला दाखवून. दुसऱ्या दिवशी भांडी घासून गुहेत ठेवली. आम्ही उरलेल्या बुंदीचं पातेलं घेऊन वाशीला परतलो.

घरी बुंदी काढायला पातेल्यात हात घातला, तर तळाशी काहीतरी लांबट लागलं. बाहेर काढलं. गुहेस सप्रेम भेट.

"अहो आई!" मी किंचाळले. "पळी आपल्याकडेच आली! चुकून आली!"

सासूबाईंनी शांतपणे माझ्या हातातून पळी घेतली, धुतली आणि खिळ्याला टांगली. "चुकून नाय. मी टाकली."

मी बुंदीचा हात पुसत ओट्याला टेकले.

"गो, लेक दिली एवढी लांब. ते लोक वरसातून किती खेपा धाडतील तिला माहेरी? आता दर वरसाला तात्याच सांगंल, जा गो शोभा, बोनकोड्याची पळी घेऊन ये."

आणि तसंच झालं. दर वर्षी तात्या शोभाला पळी आणायला पाठवायचे. ती आठ-पंधरा दिवस राहायची, माझ्या भाकऱ्या खायची (आता खरंच हात बसलाय), पळी न घेताच परत जायची. सासरी जाऊन सांगायची, "सापडत नाय." तात्या गेले, सासूबाई गेल्या, आता शोभाची सूनच तिला हसत हसत पाठवते. परवाच येऊन गेली. आम्ही दोघी म्हाताऱ्या ओट्यापाशी बसलो होतो, खिळ्यावरच्या पळीने मी तिला आमटी वाढली.

तर गुहेत नक्की जा. बूट घाला, सुपाऱ्या न्या, आणि तात्यांच्या घरी कोणी पळीचं विचारलंच, तर सांगा की अजून शोधतायत.