रेती बदलायची वेळ

“गुर्जी, फूल दिसते काय?”

सकाळी शाळेच्या आवारात पाऊल टाकलं की मुख्याध्यापिका बाईंचा पहिला प्रश्न हा. नमस्कार नंतर. हौदाच्या खोल टोकाला त्यांनी पांढरी बशी बुडवून ठेवलेली असे, मधोमध निळं फूल असलेली. मी काठावरून वाकून “दिसतंय” म्हटलं की मुली पाण्यात, नाही म्हटलं की वर्गात. मी गणिताचा मास्तर, उगाच ‘हो’ म्हणणार नाही असा त्यांचा भरवसा होता. तरी त्या स्वतः एकदा वाकून पाहतच.

शाळा मलकापुरातली. शेजारी सरकी काढायचा, बंद पडलेला जिनिंग कारखाना होता आणि तिथे कापसाची आग विझवायला बांधलेला मोठा हौद. तो बाईंनी मागून घेतला आणि मुलींना पोहायला शिकवू लागल्या. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. गावाला हे काही पचत नव्हतं.

“पोरी काय मासोया हायेत, बाई?” एका पालकाने विचारलं.

“मासोया विहिरीवर पानी भराले जात नाईत,” बाई म्हणाल्या. “पोरी जातात.”

हौदाचं पाणी पंपाने एका लोखंडी टाकीत जाई. टाकीत खाली गोटे, वर पूर्णा नदीची रेती. तिच्यातून गाळून ते परत हौदात येई. दर शनिवारी उलट्या बाजूने पाणी सोडून रेती धुवायची, हे शिपाईही करी. पण रेती धुऊन भागेल की आता फेकूनच द्यावी लागेल, हे ठरवणं बाईंचं. त्या टाकीचं झाकण काढत, मूठभर रेती घेत आणि कानाशी नेऊन चोळत.

“करकरते. जित्ती हाय अजून.”

रेतीचा खरा वैरी कचरा नव्हे, खोबरेल. शिकेकाईने केस धुतल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही असा नियम होता. तो आयांना पटत नसे. पोर शाळेत जायची तर वेणीला तेल हवंच. एकदा एक मुलगी रडवेली होऊन म्हणाली, “बाई, आयनं लावलं.”

“सांग आयले, रेतीचं डोकं दुखत नाई. तिले तेल नोको लावू.”

मग संस्थेच्या अध्यक्षांनी फर्मान काढलं. पालकांसमोर मुलींनी पोहून दाखवावं. पालक राजी झाले तर ठीक, नाहीतर हौद बंद. आठवडाभर तालमी झाल्या. पाहुण्यांपुढे जायचं म्हणून आयांनी मुलींच्या डोक्यांवर तेलाची खैरात केली आणि बाईंच्या शिकेकाईला ते आवरेना.

त्या सकाळी मांडव भरला होता. मी हौदात पाहिलं, निळं फूल दिसत होतं. मी आनंदाने तसं सांगितलं. बाईंनी टाकीतली रेती काढून कानाशी चोळली. पुन्हा चोळली. मूठ उघडली तर गोळा जसाच्या तसा.

“गुर्जी, हे रेती नाई राह्यली. सरकीची ढेप झाली.”

“पण फूल दिसतंय, बाई.”

“आता दिसते. साऱ्या पोरी उतरल्या, पानी घुसळलं की दिसनार नाई. अन् ढेप काई गाळत नसते. मंग खाली कोन गेली, ते कोन पाहीन?”

त्या सरळ मांडवात गेल्या आणि कार्यक्रम होणार नाही म्हणून सांगितलं. अध्यक्ष उभे राहिले. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

“बाई, आज नाही, तर हौदाला कुलूप लागेल.”

“लावा, भाऊ. कुलूप उघडता येते.”

एवढंच. इतकी छोटी आणि इतकी पुरी सिद्धता मी आजवर फळ्यावर लिहिलेली नाही. लोक मात्र “मास्तरीन भ्याली” म्हणत घरी गेले. संध्याकाळी कुलूप लागलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी रेती काढायची म्हणून किल्ली मागितली. अध्यक्षांना वाटलं, बाई गाशा गुंडाळताहेत. त्यांनी किल्ली दिली. बाईंनी टाकी रिकामी केली, बैलगाडीने नवी रेती आणवली, पाणी निवळेपर्यंत पंप चालवला आणि रविवारी फक्त आयांना बोलावलं. मी पंपाशी होतो, म्हणून मला पाहायला मिळालं.

त्याच संध्याकाळी आया पदर खोचून अध्यक्षांच्या दारात गेल्या आणि कुलूप कायमचं निघालं. माझी मुलगी त्याच हौदात पोहायला शिकली. बाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. हौदही बुजवला. माणसाची उंची कशाने मोजायची, हे तुम्ही तुमच्या परीने ठरवलं असेल. मला मात्र त्या रविवारची दुपार आठवते.

पन्नाशी ओलांडलेल्या बाई नऊवारीचा काष्टा घट्ट करून पायऱ्या उतरल्या. घाई न करता मध्यापर्यंत पोहत गेल्या आणि तिथे पाठीवर वळून निवांत पडून राहिल्या. काठावरच्या बायका पदर तोंडाशी धरून पुढे वाकल्या.

“अवं,” एक म्हातारी हळूच म्हणाली, “हे बाई पान्यात हाय का हवेत?”

खाली, थेट तळाच्या फरशीवर, बाईंची सावली पडली होती. बाई हात हलवीत तेव्हा तीही हात हलवी.