खात्रीसाहेबांची सुटका

रविवारी दहाच्या सभेसाठी खात्रीसाहेब साडेआठलाच तयार होऊन बसले होते. फक्त बूट घालायला वाकायचं जिवावर आलं होतं.

“अहो, आज तरी ‘नाही’ म्हणून या,” बायको म्हणाली. “तीन वेळा सुटायला म्हणून गेलात आणि आणखी दोन वर्षं पदरात पाडून घेऊन आलात.”

“आज सोडतील.”

“का? असं काय केलंत?”

ते वाकून बूट घालू लागले. काय केलं होतं ते त्यांनी अजून तिलाही सांगितलेलं नव्हतं.

टेलिफोन कंपनीत त्यांची अडतीस वर्षं गेली होती. रस्त्याकडेच्या खड्ड्यात उतरून भिजलेल्या केबलचे जोड उघडणारा ज्युनियर इंजिनिअर म्हणून ते लागले आणि मुख्य महाव्यवस्थापक म्हणून वरच्या मजल्यावरून निवृत्त झाले. फोनसाठी लोक आठ-आठ वर्षं थांबायचे. ती यादी त्यांच्याच काळात संपली. पण माणसं त्यांना ओळखायची ती एका नियमामुळे. लाइनमन ‘दुरुस्त झाला’ म्हणाला, एवढ्यावर तक्रार बंद करायची नाही. ग्राहकाला फोन लावायचा, त्याच्या तोंडून ‘हो, चालू आहे’ ऐकायचं, मगच रजिस्टरात ‘बंद’ लिहायचं. “खात्री केली?” हा त्यांचा दिवसातून पन्नास वेळा विचारलेला प्रश्न. त्यावरून नाव पडलं. साहेब जेवण झाल्यावर घरी फोन करून ‘मी जेवलो ना?’ असं विचारतात, असं कारकून एकमेकांना सांगून हसायचे.

निवृत्तीनंतर नागरिक समितीचं अध्यक्षपद गळ्यात पडलं, त्याला आता बारा वर्षं झाली होती. बंद पडलेला दवाखाना त्यांनी पुन्हा सुरू करून घेतला. नळ, गटार, दिवे यांच्या तक्रारी घरच्या जेवणाच्या टेबलावरच्या फोनवर यायच्या आणि जुन्याच नियमानं बंद व्हायच्या. आता वय चौऱ्याहत्तर. फोन वाजला की हल्ली ते आधी दोन-तीन घंटा नुसत्या वाजू देत.

महिन्यापूर्वी एका दुपारी चौदा तक्रारी बंद करायच्या होत्या. तेरा फोन केले. तेराव्यानं नळाबरोबर जावयाचीही तक्रार पाऊण तास सांगितली. चौदावी तक्रार टेकडीच्या पायऱ्यांवरच्या दिव्याची होती, एका निवृत्त नर्सबाईंची. ‘एकेचाळीस नंबरचा दिवा लागला,’ असं वीजवाल्यानं कळवलं होतं. साहेबांनी रिसीव्हर उचलला, क्षणभर हातात धरला आणि खाली ठेवला. रजिस्टरात लिहिलं, ‘बंद’.

खांबांवरचे आकडे वर्षाच्या सुरुवातीला नव्यानं रंगवले होते. बाईंनी सांगितलेला एकेचाळीस जुना होता, वीजवाल्यानं दुरुस्त केलेला नवा. एक फोन केला असता तर तेव्हाच उघड झालं असतं. आठव्या दिवशी संध्याकाळी बाई अंधारात पायरी चुकल्या आणि मनगट मोडून बसल्या.

सभेत समितीच्या सेक्रेटरींनी अध्यक्षपदासाठी नेहमीप्रमाणे साहेबांचं नाव सुचवलं. साहेब उठले. टेबलाचा आधार घेऊन त्यांनी सगळं सांगितलं: चौदा तक्रारी, तेरा फोन, खाली ठेवलेला रिसीव्हर. “चूक वीजवाल्याची नाही, माझी आहे. ती इतिवृत्तात लिहा आणि मला मोकळं करा.”

मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि सगळी सभा वाजवू लागली.

“बघा!” सेक्रेटरींना भरून आलं. “स्वतःची चूक स्वतः सांगणारा माणूस! असा अध्यक्ष सोडायचा म्हणजे आपल्याच पायावर धोंडा. बिनविरोध ना?”

साहेब खाली बसले. तीन आठवडे जे बोलायचा धीर होत नव्हता ते बोलून झालं होतं, आणि त्याच्याच जोरावर लोक त्यांना पुन्हा खुर्चीत बसवत होते.

“बिनविरोध नाही.”

तिसऱ्या रांगेत नर्सबाई उभ्या होत्या. डावा हात प्लास्टरमध्ये, गळ्यातल्या पट्टीत.

“बाई, झालं गेलं...” सेक्रेटरी गडबडले. “राग धरू नका.”

“राग कसला? मी तेहतीस वर्षं वॉर्डात काढली. झोपेनं डोळे मिटायला लागलेल्या नर्सला मी कधी ड्यूटीवर उभं केलं नाही. तिच्या हातून चुकीचं इंजेक्शन गेलं तर दोष तिला उभं करणारीचा. तुम्ही बारा वर्षं ह्या माणसाला रजा दिली नाहीत. माझं मनगट तुम्ही सगळ्यांनी मिळून मोडलंय.”

कुणीतरी हसायला गेलं आणि थांबलं.

“आणि साहेब, तुम्ही,” त्या वळल्या, “नको असेल तर हात जोडून उठायचं. तुमच्याशिवाय चालणार नाही हे ऐकायला तुम्हालाही बरं वाटत होतं.”

“वाटत होतं,” साहेब म्हणाले.

औषध दुकानवाल्या बाई चार वर्षं उपाध्यक्ष होत्या. त्यांचं नाव नर्सबाईंनीच सुचवलं. हात वर झाले. आधी थोडे, मग बरेच. सेक्रेटरींचा शेवटचा.

साहेब व्यासपीठावरून उतरले. इतक्या वर्षांत खाली कधी बसलेच नव्हते, त्यामुळे कुठल्या रांगेत शिरावं हे त्यांना कळेना. नर्सबाईंनी शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उजव्या हातानं उचलली.

“बसा इथे. आणि आता मध्ये बोलू नका.”

नव्या अध्यक्षांनी पहिला विषय वाचायला घेतला, पाणी सोडण्याच्या वेळांचा. त्यात एक आकडा चुकला होता. तो सांगायला कुणी उठलं नाही. ज्यांना तो माहीत होता, ते साहेब मान छातीवर टाकून गाढ झोपले होते.