पोस्टरातली माणसं कुठे बघतात

मी बहारीनमधल्या एका शाळेत अकरावीला इतिहास शिकवते. यंदा युद्धकाळातला प्रचार आणि त्याच्या पाठोपाठ अमेरिकेतल्या काळ्या माणसांचा नागरी हक्कांचा लढा, असे दोन धडे लागून आले. प्रचाराच्या धड्याला मी पोरांना एकच नियम देते: चित्रात काय आहे ते मागाहून सांगा, आधी काय नाही ते सांगा. कारखान्यात राबणारी बाई हसतेय, पण तिचं पोर कुठंय? सैनिक रुबाबात उभा आहे, पण त्याचे बूट एवढे स्वच्छ कसे? पोरं खूश होतात. मोठ्यांचं खोटं पकडायला कोणाला आवडत नाही!

आणि दर शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, हीच बाई माहूजमधल्या फ्लॅटमध्ये स्वतःचं पोस्टर तयार करते.

चिपळूणला बाबा एकटे असतात. आई गेली तेव्हा त्यांनी मला परत येऊ दिलं नाही. "नोकरी सोडून इथे काय माझ्या पोळ्या लाटणार?" म्हणाले. माझ्यासोबत तेव्हा केरळची एक नर्स राहायची, म्हणून ते निर्धास्त होते. ती गेल्या वर्षी आयर्लंडला गेली आणि मी ते बाबांना सांगितलं नाही. तिच्या खोलीचं दार बंदच असतं. शाळेतून आल्यापासून पुन्हा शाळेत जाईपर्यंत माझ्याशी कोणी बोलत नाही. कधी सीफच्या मॉलमध्ये जाऊन घ्यायचं नसलेल्या चपलेचा भाव विचारते, तेवढेच दुकानातली मुलगी दोन शब्द बोलते. या वयात असं एकटं पडल्याची मला लाज वाटते, आणि रडूही येतं.

शुक्रवारी मात्र केस विंचरायचे, लिपस्टिक लावायची, टेबलावर दोन कप मांडायचे आणि व्हिडिओ कॉल करायचा. बाबा विचारतात, "मैत्रीण कुठंय?" ती कायम अंघोळीला गेलेली असते. एवढी स्वच्छ बाई अख्ख्या आखातात नसेल. मग बाबा म्हणतात, "छान दिसतेस. तब्येत सुधारली." झाकली मूठ सव्वा लाखाची.

एका आठवड्यात मी दोन्ही धड्यांतली चित्रं फळ्यावर शेजारी शेजारी लावली. एकीकडे पोस्टरं. दुसरीकडे फोटो: फक्त गोऱ्यांना वाढणाऱ्या हॉटेलच्या काउंटरपाशी काळे विद्यार्थी बसलेत, त्यांना कोणी वाढत नाही, मागून गोरी पोरं त्यांच्या डोक्यावर साखर ओततायत, आणि ते हूं की चूं न करता समोर बघतायत. अरादहून येणारी एक मुलगी, एरवी तोंडही न उघडणारी, म्हणाली, "मिस, पोस्टरातली माणसं सरळ आपल्याकडे बघतात. फोटोतली बघतच नाहीत."

मी म्हटलं, त्यांनाही जगाला दाखवायचंच होतं, फक्त जे घडत होतं तेच. ती मान हलवून खाली बसली. पण तिचं बोलणं काही माझ्या डोक्यातून जाईना.

त्या शुक्रवारी बाबांच्या शेजारच्या वहिनींनी नेहमीप्रमाणे माझा कॉल उचलून फोन त्यांच्यासमोर ठेवला आणि त्या निघून गेल्या. बाबा नेहमीच्या भिंतीपुढे, इस्त्रीच्या सदऱ्यात, तोंडभर हसत. मी त्यांचे डोळे बघत बसले. ते माझ्या कानाच्या वर कुठेतरी बघत होते. फोनवर सगळेच असं बघतात, हे मलाही कळतं. पण बाबा एसटीत कंडक्टर होते. भरल्या गाडीत नुसता चेहरा बघून कोणाचं तिकीट राहिलंय ते ओळखायचे. तो माणूस कितीतरी शुक्रवार माझ्याकडे नीट बघत नव्हता, आणि प्रचार शिकवणाऱ्या बाईला पत्ता नव्हता.

मी कॅमेऱ्यावर अंगठा धरला. त्यांच्या फोनवर आता नुसता अंधार असणार.

"छान दिसतेस," बाबा म्हणाले. "तब्येत सुधारली."

"बाबा, मी कॅमेऱ्यावर अंगठा धरलाय."

त्यांचं हसू हळूहळू उतरलं. मागे पंखा करकरत होता.

"वहिनींनी सांगितलं?"

"नाही."

"मग हुशार आहेस." ते म्हणाले. "गणपतीच्या आधीपासूनच अंधुक होत आलं. आता उजेड तेवढा कळतो. डॉक्टर म्हणतात, गेलं ते परत येणार नाही. तू तिथे एकटी, तुझ्या जिवाला उगाच घोर कशाला?"

"एकटी कुठे? ती आहे ना. अंघोळीला..."

"अगं, पुरे आता." बाबा इतक्या मायेनं म्हणाले की मला पुढे बोलवेना. "माझे डोळे गेलेत, कान शाबूत आहेत. तुझ्या घरात नळाचा आवाज येत नाही, दार वाजत नाही, चमचा पडत नाही. दर वेळी एकच कप उचलतेस आणि एकच ठेवतेस."

टेबलावरचा दुसरा कप माझ्यासमोर होता. कोरडा, स्वच्छ. तो ज्यांच्यासाठी मांडत होते त्यांना तो दिसतच नव्हता.

मी अंगठा काढला. त्याचा काही उपयोग नव्हता, तरी काढला. केस विस्कटू दिले, डोळे पुसले नाहीत.

एवढ्या वर्षांत बाबांनी जे एकदाही विचारलं नव्हतं, ते तेव्हा विचारलं.

"कधी येतेस?"