मधलं धरा

आमच्या गंगापूर रोडच्या कॉलनीत रद्दी घ्यायला एक जण यायचा. त्याचं नाव कुणी कधी विचारलं नाही. सुतळी दातांत धरून तो गठ्ठे बांधायचा आणि भर मे महिन्यातही म्हणायचा, "पेपर ओला हाय, मावशी."

कंपनीने मला जर्मनीला पाठवायचं ठरवलं. घरातला पहिला पदवीधर विमानात बसणार, म्हणून आईने बॅगेत मसाला, पापड, शेंगदाणे असं अर्धं स्वयंपाकघर कोंबलं. परवानगी वीस किलोचीच होती आणि घरात वजनकाटा नव्हता. आईने रद्दीवाल्याला वर बोलावलं. त्याने बॅग स्प्रिंगच्या काट्याला अडकवली. अठरा किलो! आई खुशीत आणखी पापड आणायला वळली.

तो मात्र कान खाजवत उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "दादा, विमानाचं काम हाय. ह्या काट्यावर जाऊ नका. हा माल घ्यायचा काटा हाय."

"मग?"

"कोपऱ्यावरच्या कांदेवाल्याकडं तोला. त्याचा विकायचा काटा हाय. दोन्हीच्या मधलं धरा."

कांदेवाल्याकडे चोवीस भरले, म्हणजे मधलं एकवीस. आईने किलोभर शेंगदाणे काढले. विमानतळावर काटा बरोबर वीसवर थांबला. मला पदवीपर्यंत नेणाऱ्या गुरुजींचे उपकार आहेतच. पण मसाला जर्मनीत पोचवला तो ह्या माणसाने.

पुढे फोनवर आई म्हणाली, "काल रद्दी घातली. त्याने काटा उचलला, तशी म्हटलं, आता मधलं धर."

"धरलं?"

"गुमान धरलं. आणि वर म्हणतो, पेपर ओला हाय."