पाचव्या भांड्यातली गोळी

श्रीमती यशोदाबाई जाधव यांना मी प्रथम पाहिले ते मुलाखतीच्या टेबलापलीकडे, आणि त्या भेटीत मी एका प्रश्नाचे उत्तर अगदी चुकीचे दिले. हुणसूर रस्त्यावरच्या आमच्या औषध कारखान्याला गुणवत्ता-नियंत्रण प्रयोगशाळेसाठी रसायनज्ञ हवे होते. कराडच्या मराठी शाळेतून निघून, जीवरसायनशास्त्राची पदवी घेऊन मी म्हैसूरला आले होते. उत्पादन विभागाच्या साहेबांनी इंग्रजीत विचारले, सीजीएमपीविषयी काय माहीत आहे? मी मान खाली घालून सांगू लागले. चक्रीय जीएमपी हा पेशीच्या आतला निरोप्या. बाहेरून इशारा आला की तो तयार होतो, रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूला सैल व्हायला सांगतो, आणि काम झाले की एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्याला मोडून टाकते. ही मुलगी कारखान्याऐवजी पेशीत शिरली, असे म्हणून साहेब हसू लागले. त्यांना हवे होते ते औषधनिर्मितीचे चालू काळाचे नियम. इंग्रजीत दोहोंची आद्याक्षरे एकच.

तेवढ्यात त्यांच्या शेजारी बसलेल्या प्रयोगशाळा-प्रमुख यशोदाबाई मराठीत म्हणाल्या, ‘‘घाबरू नको गं. आपण जी गोळी करतोय ती त्याच निरोप्याला मोडू देत नाही, अल्वा? हो की नाही? साहेबांनी नियम विचारले, तू कारण सांगितलंस. स्वल्प राहिलंय, ते पुरं कर.’’

मी पुरे केले. त्या पाच मिनिटांत मला नोकरी मिळाली आणि त्याहून मोठे असे एक माणूस मिळाले.

त्यांच्या षष्ट्यब्दीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथाच्या बहुतेक वाचकांना त्यांच्या घराण्याचा परिचय आहे. जुन्या म्हैसूर संस्थानच्या फौजेत चाकरीला आलेल्या मराठ्यांपैकी हे एक कुटुंब. त्यांचे शिक्षण कानडीत झाले, घरी बोलणे मराठी. त्यामुळे त्यांचे वाक्य मराठीत निघते आणि पुष्कळदा कानडीत पोचते. ‘अक्का’ हा शब्द दोन्ही भाषांचा, म्हणून साऱ्या कारखान्यात त्या अक्काच. मला सरस्वतीपुरममध्ये खोली त्यांनीच शोधून दिली, आणि रविवारी कुवेंपुनगरच्या घरी जेवायला येण्याचा नियम घालून दिला. तिथे त्यांच्या वहिनी मला दारातच म्हणत, ‘‘आली गं इस्त्रीची मराठी! आमची नुसती धुऊन वाळत घातलेली, चालवून घे हां.’’ मी लाजून काहीच बोलत नसे. मग अक्का ताटात आणखी एक पोळी टाकून म्हणत, ‘‘सुम्ने बसली तरी चालतंय. जेव.’’

हा ‘सुम्ने’ शब्द मला फार दिवस नीट कळला नव्हता. कानडीत त्याचा अर्थ ‘गप्प’ असा होतो, तसाच ‘उगाच, काही कारण नसताना’ असाही होतो. ज्या प्रसंगाने अक्कांची थोरवी मला उमगली, त्या प्रसंगाने हे दोन्ही अर्थ मला एकदमच शिकवले.

आमच्या प्रयोगशाळेत बाहेरच्या माणसाला प्रथम जाणवते ती शांतता. एका बंद खोलीत आजवर बाहेर गेलेल्या प्रत्येक बॅचचे नमुने ठेवलेले असतात. गोळ्या देशभर पांगलेल्या असतात, गिळल्या गेलेल्या असतात, आणि त्यांची भावंडे इथे अंधारात, क्रमांक लावून, मुदत संपण्याच्या तारखेची वाट पाहत असतात. शेजारच्या कपाटात मुद्दाम उष्मा आणि दमटपणा राखलेला असतो. तिथे औषध लवकर म्हातारे होते. आणि मधल्या दालनात विरघळण्याच्या चाचणीचे यंत्र आहे. काचेची सहा गोल बुडाची भांडी, त्यांत माणसाच्या अंगाइतके कोमट पाणी, प्रत्येकात संथ फिरणारे एक पाते. ही सहा पोटे आहेत. फक्त त्यांना माणसे नाहीत. प्रत्येकात एक गोळी सोडायची आणि ती नाहीशी होताना पाहायचे, एवढेच काम. पहिल्या आठवड्यात अक्कांनी मला या यंत्रासमोर बसवले आणि सांगितले, ‘‘गोळीकडे बघायचं नाही. जो माणूस ती गिळणार त्याच्याकडे बघायचं.’’ पाण्यात कोणीही नव्हते. तरी त्या दिवसापासून मला तिथे कोणीतरी आहे असे वाटू लागले.

ती बॅच फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आवळल्या जाणाऱ्या रुग्णांसाठी होती. त्यांच्या शरीरात निरोप्या टिकला तर वाहिनी सैल होते, जिना चढता येतो. नाहीतर श्वास अर्ध्यावर अडतो. भर दुपार होती. मी सहा गोळ्या सोडल्या. थोड्याच वेळात पाच भांड्यांत पांढरा ढग उठला, विरला आणि पाणी स्वच्छ झाले. पाचव्या भांड्याच्या तळाशी मात्र गोळी तशीच बसून होती. पाते तिच्या डोक्यावरून फिरत होते आणि ती किंचित डुलत होती. तिची कडसुद्धा बोथट झाली नव्हती. चाचणीची वेळ संपली. मला असा विचित्र भास झाला की इतका वेळ मी तिच्याकडे पाहत नसून ती माझ्याकडे पाहत होती.

मी अक्कांना बोलावले. त्यांनी स्टूल ओढले, काचेजवळ तोंड नेले आणि अगदी घरच्या आवाजात गोळीला विचारले, ‘‘यारिग् काय्तिदीया?’’ म्हणजे, कोणाची वाट बघतेस? त्या थट्टा करीत नव्हत्या. पाते चालूच ठेवायला सांगून त्या गेल्या. चहाच्या वेळी आम्ही पुन्हा पाहिले, तेव्हाही ती तिथेच होती.

दुसऱ्या दिवशी मी त्याच बॅचच्या सहा नव्या गोळ्या घेतल्या. सगळ्या विरघळल्या. साहेब प्रयोगशाळेत आले. माणूस वाईट नव्हता. बॅचची वाट पाहणारे त्यालाही विचारत होते. तो मृदूपणे म्हणाला, ‘‘हे बघ अम्मा, नवीन आहेस. पहिल्या वेळी हातून काही झालं असेल. भांडं नीट धुतलं नसेल. तेवढं लिही, पहिला निकाल रद्द होईल. तुला कोणी रागावणार नाही.’’

मी ते लिहिणारच होते, हे आज सर्वांसमोर कबूल करते. भित्र्या माणसाला दोष घेणे सोपे वाटते. वाद घालावा लागत नाही. मी पेन उचलले. अक्कांनी ते माझ्या हातातून काढून टेबलावर ठेवले.

‘‘तू भांडं धुतलं होतंस?’’

‘‘हो.’’

‘‘दोनदा?’’

‘‘तीनदा.’’

‘‘मग न केलेली चूक कशाला लिहितीस? लोकांना वाटतं चूक लपवणं तेवढंच खोटं. चूक नसताना घेणं पण खोटंच की गं. ह्यातनं ती गोळी बाहेर जाती.’’

साहेब म्हणाले, ‘‘अक्का, एका गोळीसाठी?’’

‘‘एकच कुठे, साहेब? दिसली ती एक. तिच्या बहिणी कुठे बसल्यात, ते बघायचंय.’’

पुढचे दोन दिवस त्या कागद वाचत होत्या. गोळ्या पाडणाऱ्या यंत्राच्या नोंदीत एकही खंड नव्हता. सकाळपासून संध्याकाळपर्यंत काम सलग चाललेले. ‘‘यंत्र थांबलं होतं का?’’ असे त्यांनी एकेकाला विचारले. प्रत्येकाने ‘‘इल्ल अक्का’’, नाही, असेच उत्तर दिले, आणि कोणीही खोटे बोलत नव्हता.

तिसऱ्या दिवशी नोंदवहीवरची तारीख माझ्या नजरेला पडली. तो आयुधपूजेचा, म्हणजे आमच्या कराडकडच्या खंडेनवमीचा, दिवस होता.

आमच्याकडे आयुधपूजा दाराबाहेर होते. निर्जंतुक दालनात कुंकू, फुले, कापूर काही नेता येत नाही. म्हणून काचेच्या दाराला हार घालतात, उंबऱ्याशी कोहळा फोडतात, आणि आतली सगळी माणसे तेवढ्यापुरती बाहेर येतात. त्या दिवशी मी गर्दीच्या मागे भिंतीला टेकून उभी होते. सर्वांचे डोळे आरतीवर होते. मी एकटी काचेतून आत पाहत होते. रिकामे दालन, पांढरा उजेड, स्तब्ध उभे यंत्र. आणि त्याच्या पोटात, पावडर पुढे सारणारी पाती मात्र सावकाश फिरत होती. जवळ एकही माणूस नसताना ती कोणासाठी तरी काम करीत होती. मला ते पाहवले नाही. मी नजर वळवली, प्रसाद घेतला आणि कोणालाही काही सांगितले नाही.

ते सगळे मी अक्कांना सांगितले. सांगताना तीनदा अडखळले.

यंत्र चालवणाऱ्या नंजुंडाला बोलावले. तो चकित झाला. ‘‘अय्यो अक्का, पूजेचं काय लिहायचं? ते थांबणं नव्हे की! मेन मोटर बंद केली. ती पाती काय, सुम्ने तिरुग्तित्तु.’’ उगाच फिरत होती, इतकेच.

अक्का माझ्याकडे वळून हळू म्हणाल्या, ‘‘यंत्र सुम्ने फिरत होतं आणि तू सुम्ने उभी होतीस.’’

वाचकांसाठी थोडे स्पष्ट करते. गोळी साच्याला चिकटू नये म्हणून मिश्रणात चिमूटभर मेणचट भुकटी घालतात. मिश्रण नको तितके घुसळले गेले की प्रत्येक कणावर तिचा थर चढतो आणि पाणी आत शिरत नाही. पूजा चालू असताना त्या पात्यांत अडकलेली पावडर तशीच घुसळली जात राहिली, आणि पूजेनंतरच्या पहिल्या काही हजार गोळ्या तिच्याच पडल्या. दिसायला इतरांसारख्या, वजनाला इतरांसारख्या. पोटात जातील, पण निरोप पोचणार नाही. इतक्या मोठ्या बॅचमधून त्यांतलीच एक माझ्या चिमट्यात कशी आली, याचे उत्तर माझ्या विज्ञानाजवळ ‘योगायोग’ हेच आहे.

काम चालू असताना दर तासाला काढून ठेवलेले नमुने पाकिटांत होते. पूजेनंतरचे पाकीट अक्कांनी स्वतः फोडले. सहा भांडी, सहा गोळ्या. या वेळी एकाही भांड्यात ढग उठला नाही. सहा पांढरे ठिपके तळाशी बसून डुलत राहिले, आणि साहेब, नंजुंडा, अक्का व मी त्यांच्यासमोर उभे राहिलो. साहेबांनीच शेवटी डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाले, ‘‘बॅच थांबवा.’’

चौकशीचा अहवाल अक्कांनी लिहिला. माझा दोष असेल तर तोही त्यात यावा, असे मी म्हटले. त्यांनी लिहिले ते असे: ‘रसायनज्ञ मुलीने जे पाहिले ते स्वतःहून सांगितले. आरतीचे ताट प्रयोगशाळा-प्रमुखांच्या म्हणजे माझ्या हातात होते आणि ते सर्वांपुढे फिरवताना माझी पाठ यंत्राकडे होती.’ साहेबांनी ती दुसरी ओळ गाळायला सांगितली. अक्का म्हणाल्या, ‘‘घडलंय ते. राहू द्या.’’ त्यानंतर यंत्राच्या नोंदवहीत ‘थांबण्याचे कारण’ या सदरात वीज, दुरुस्ती यांच्या जोडीला ‘पूजा’ हा शब्द छापला गेला. तो आजही आहे.

बॅच नष्ट केली तेव्हा मी त्यांच्याबरोबर होते. मोठ्या टाकीत पाणी सोडले, गोळ्या ओतल्या, आणि पाहता पाहता सारे पाणी दुधासारखे झाले. ते हळूहळू निवळले तेव्हा तळाशी गोळ्या दिसू लागल्या. एक, दहा, मग मोजता येणार नाहीत इतक्या. एकमेकींना न टेकता, शांत बसलेल्या. मला तिथून पळून जावेसे वाटले. अक्का कठड्याला हात टेकून उभ्या राहिल्या. ‘‘एकेक घर आहे बघ हे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘रात्री गोळी घेऊन दिवा मालवणारं. ते म्हणणार, औषध तर घेतलं.’’ शेवटची गोळी फुटेपर्यंत त्या हलल्या नाहीत.

येत्या महिन्यात अक्का निवृत्त होत आहेत. त्यांचा श्वास कधी जिन्यावर अडू नये, त्यांच्या गुडघ्यांनी स्कूटर चालवायला कधी नकार देऊ नये, आणि कुवेंपुनगरच्या घरात त्यांना पुढची अनेक दशके निरोगी, निवांत जगायला मिळावे, अशी आपणा सर्वांची इच्छा मी येथे नोंदवते. या इच्छेत आणखी काही माणसे सामील आहेत, त्यांना मी कधी पाहिलेले नाही. ती कुठे राहतात ते कोणालाच ठाऊक नाही. त्यांच्या पोटात जी न विरघळणारी गोळी जायची होती ती गेली नाही, आणि आज सकाळी ती माणसे जिना चढून वर आली. आपण कोणाचे ऋणी आहोत हे त्यांना कधीही कळणार नाही. त्यांच्या वतीनेही मी अक्कांना नमस्कार करते.